प्लेटिंगच्या गाळातून तांबे आणि निकेल परत मिळवण्याची रीत : या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

भोसरी, चाकण, सातपूर, अंबड, वाळूज अशा औद्योगिक वसाहतींत जिथे वाहनांचे सुटे भाग, नळ, कुलपे किंवा विजेची उपकरणे तयार होतात, तिथे आसपास प्लेटिंगचे (एका धातूच्या वस्तूवर दुसऱ्या धातूचा पातळ थर चढवण्याचे) लहानमोठे कारखाने असतातच. या कारखान्यांतील धुण्याचे पाणी इटीपीत (सांडपाणी प्रक्रिया केंद्रात) येते, तिथे चुना किंवा कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) घालून त्यातील धातू तळाशी बसवले जातात आणि फिल्टर प्रेसमधून निघालेला ओला केक (दाबून पाणी काढलेला गाळ) पोत्यांत भरून शेडमध्ये रचला जातो. तेथून तो तळोजे, रांजणगाव किंवा बुटीबोरी येथील घातक कचऱ्याच्या विल्हेवाट केंद्राकडे जातो आणि त्यासाठी कारखानदार टनामागे पैसे मोजतो. मध्य प्रदेशातील मलांजखंडच्या खाणीतून जे तांब्याचे खनिज काढले जाते त्यात तांबे साधारण एक टक्क्याच्या आसपास असते. तांब्याच्या प्लेटिंगचा गाळ वाळवून तपासला, तर त्यात पाच ते दहा टक्के तांबे सापडणे ही नवलाची गोष्ट नाही. निकेलचे तर खनिजापासून उत्पादन आपल्याकडे जवळजवळ होतच नाही आणि बहुतेक निकेल बाहेरून येते. म्हणून हा गाळ पुरून टाकण्याआधी त्यातील धातू काढता येतो का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

या लेखात प्रयोगशाळेतील चाचणीपासून छोट्या प्रमाणावरील संयंत्रापर्यंतचा क्रम दिला आहे. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगितली पाहिजे, कारण पुढच्या प्रत्येक पायरीवर तिचा संबंध येणार आहे. गाळातून धातू किती आणि किती शुद्ध मिळेल, हे बव्हंशी गाळ तयार होण्यापूर्वीच, प्लेटिंग शॉपच्या गटारांच्या मांडणीत आणि इटीपीत वापरलेल्या रसायनांच्या निवडीत ठरलेले असते. सर्व प्रवाह एकाच टाकीत सोडून, त्यावर भरपूर चुना आणि हिराकस (फेरस सल्फेट) ओतून तयार झालेल्या गाळातून धातू काढणे रसायनशास्त्राच्या दृष्टीने शक्य असले, तरी व्यवहारात ते परवडत नाही.

आधी सुरक्षितता : सायनाइडची तपासणी

पुढील सगळ्या पद्धतींत गाळावर आम्ल घातले जाते. गाळात सायनाइड असेल तर आम्ल पडताच हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो आणि बंद खोलीत तो काही मिनिटांत जीव घेऊ शकतो. जस्त, तांबे, पितळ, चांदी किंवा कॅडमियमचे सायनाइड बाथ (प्लेटिंगच्या द्रावणाच्या टाक्या) ज्या कारखान्यात आहेत किंवा पूर्वी होते, तेथील गाळ तपासल्याशिवाय आम्लाजवळ नेऊ नये. येथे नवख्या माणसाची हमखास फसगत होते. इटीपीत हायपोक्लोराइट घालून सायनाइड नष्ट केले जाते, त्यामुळे गाळात ते उरलेच नसणार, असे तो गृहीत धरतो. पण लोखंडाशी बांधले गेलेले सायनाइड हायपोक्लोराइटला दाद देत नाही आणि निकेलशी बांधलेले सायनाइडही फार सावकाश मोडते. फेरोसायनाइड गाळात निळसर संयुगाच्या रूपाने बसून राहते आणि तीव्र आम्लात, विशेषतः गरम केल्यावर, त्यातून वायू सुटू शकतो. म्हणून प्रयोगशाळेकडून अहवाल मागवताना ‘मुक्त सायनाइड’ या एका आकड्यावर समाधान न मानता ‘एकूण सायनाइड’ मोजून घ्यावे. हा आकडा नगण्य नसेल तर तो गाळ या मार्गाला लावू नये.

सल्फाइडचेही तसेच आहे. धातू बसवण्यासाठी इटीपीत सोडियम सल्फाइड वापरले असेल तर आम्लाबरोबर हायड्रोजन सल्फाइड सुटतो. त्याचा कुजक्या अंड्यासारखा वास सुरुवातीला येतो खरा, पण प्रमाण वाढले की नाकाची जाणीवच बधिर होते, म्हणून वासावर विसंबू नये. निकेलच्या क्षारांची धूळ आणि हेक्झाव्हॅलंट क्रोम (क्रोमचे अतिविषारी रूप) हे दोन्ही कर्करोगकारक आहेत. त्यामुळे वाळलेला गाळ कोरडा दळणे, झाडूने झाडणे किंवा उघड्यावर पसरून ठेवणे पूर्ण टाळावे. क्रोम असलेला गाळ चुन्यासह हवेत जोराने तापवू नये, कारण त्या उष्णतेत तुलनेने कमी घातक अशा ट्रायव्हॅलंट क्रोमचे पुन्हा हेक्झाव्हॅलंट क्रोम होते आणि इटीपीत केलेले सगळे काम उलटते.

कायद्याची चौकट

घातक व इतर कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांच्या पहिल्या अनुसूचीत प्लेटिंगचा धातुमिश्रित गाळ आणि सांडपाणी प्रक्रियेतील रासायनिक गाळ या दोहोंची नोंद आहे. त्यामुळे तो भंगारवाल्याला विकता येत नाही, मग भाव कितीही चांगला मिळो. साठवणुकीची सर्वसाधारण मर्यादा ९० दिवसांची आहे. गाळाचा कच्चा माल म्हणून उपयोग करायचा असेल तर नियम ९ लागू होतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्या विशिष्ट कचऱ्यासाठी आणि विशिष्ट उपयोगासाठी कार्यपद्धती प्रसिद्ध केलेली असेल तर तिच्या आधारे राज्य मंडळ परवानगी देते. नसेल तर केंद्रीय मंडळाकडे जाऊन चाचणी उत्पादनाच्या निष्कर्षांवर मान्यता मिळवावी लागते. दुसऱ्या अधिकृत कारखान्याकडे गाळ पाठवताना नमुना १० चे मॅनिफेस्ट (कचऱ्यासोबत जाणारे वाहतूक पत्रक) लागते. प्रयोगशाळेत थोडा गाळ घेऊन चाचणी करणे वेगळे आणि टनावारी गाळ फिरवणे वेगळे, हा फरक नवोदितांनी विसरू नये. संयंत्राची यंत्रसामग्री मागवण्यापूर्वी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या (एमपीसीबी) प्रादेशिक कार्यालयात जाऊन आपला नेमका कचरा आणि नेमके उत्पादन कोणत्या कार्यपद्धतीत बसते, हे विचारून घ्यावे.

पायरी पहिली : गटारांचा नकाशा

शॉपमध्ये वही घेऊन उभे राहावे आणि प्रत्येक बाथनंतरच्या रिन्सचे (धुलाईचे) पाणी कोठून कोठे जाते ते रेखाटावे. किमान चार प्रवाह वेगळे दिसायला हवेत : सायनाइडचा, क्रोमचा, निकेलचा, आणि आम्लधुलाईतून येणारा लोखंडाचा. तांब्याचा आम्ल बाथ असेल तर तो पाचवा. इलेक्ट्रोलेस निकेल आणि जस्त-निकेल मिश्रधातूच्या बाथमध्ये धातूला विद्राव्य ठेवणारी किलेट संयुगे असतात. हे पाणी साध्या प्रवाहात मिसळले की तेथील निकेलही धरून ठेवले जाते आणि नीट बसत नाही, म्हणून त्याची टाकी निराळीच हवी.

याच वेळी प्रत्येक मौल्यवान बाथनंतर एक स्थिर पाण्याची ड्रॅग-आउट टाकी बसवता येते का, ते पाहावे. जिगवरून (सुटे भाग टांगण्याच्या चौकटीवरून) ठिबकणारे द्रावण या टाकीत साठते आणि गरम निकेल बाथमधून बाष्पीभवनाने जे पाणी उडते त्याच्या जागी तेच परत घालता येते. असे परत गेलेले निकेल गाळात येतच नाही. गाळातून एक किलो निकेल काढण्यासाठी जे आम्ल, जो सोडा आणि जी मजुरी लागते, त्यांचा विचार केला तर ही एक टाकी पुढच्या सगळ्या यंत्रांपेक्षा फायद्याची ठरते, आणि जिग काढताना कामगाराने ते बाथवर पाचदहा सेकंद जास्त धरले तर तिलाही काम कमी पडते.

रसायनांची निवडही याच पायरीत मोडते. हेक्झाव्हॅलंट क्रोमचे क्षपण करण्यासाठी, म्हणजे त्याला ट्रायव्हॅलंट रूपात आणण्यासाठी, बरेच जण स्वस्त म्हणून हिराकस वापरतात. एक किलो क्रोमच्या क्षपणाला हिराकशीतील सुमारे ३.२ किलो लोखंड लागते आणि ते सर्व लोखंड शेवटी गाळात येऊन बसते. तेच काम पीएच २ ते २.५ च्या दरम्यान सोडियम मेटाबायसल्फाइटने केले तर गाळात काहीच भर पडत नाही. धातू बसवताना चुन्याऐवजी कॉस्टिक किंवा सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट) वापरल्यास गाळ कमी होतो आणि त्यातील धातूचे प्रमाण वाढते. कॉस्टिकचा गाळ चिकट असतो, सावकाश बसतो आणि प्रेसमधून पाणी सोडायला कुरकुर करतो, हे खरे आहे. तरीही धातू परत मिळवायचा असेल तर ही गैरसोय सोसण्याजोगी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पीएचकडेही लक्ष द्यावे. क्रोमचे हायड्रॉक्साइड ७.५ ते ८.५ च्या आसपास सर्वांत कमी विरघळते, तांब्याचे ८.५ ते ९ ला, जस्ताचे ९ ते १० ला, तर निकेलला १० च्या वर जावे लागते. क्रोम आणि जस्त ही दोन्ही हायड्रॉक्साइडे फार जास्त पीएचला पुन्हा विरघळू लागतात. म्हणजे सर्व धातू एकाच टाकीत एकाच पीएचला बसवायचे म्हटले, तर कोणता ना कोणता धातू पाण्याबरोबर निसटणारच. प्रवाह वेगळे ठेवण्याचे हेही एक कारण आहे.

पायरी दुसरी : नमुना घेणे

प्रेस उघडल्यावर पहिल्या प्लेटमधला केक उचलून बाटलीत भरला, तर तो अहवाल निरुपयोगी ठरतो. फीडच्या बाजूच्या आणि शेवटच्या प्लेटमधला केक सारखा नसतो आणि एकाच केकची कडा कोरडी तर मध्य लिबलिबीत असतो. केक मधोमध मोडून पाहण्याची सवय लावून घ्यावी, कारण मोडलेला पृष्ठभाग बरेच काही सांगतो. निकेलचा गाळ हिरव्या सफरचंदाच्या रंगाचा दिसतो, तांब्याचा निळसर, क्रोमचा करडा-हिरवा. मोडल्यावर आतला भाग गडद हिरवा असेल आणि हवेत उघडा ठेवल्यावर तासाभरात कडेपासून तांबूस होऊ लागला, तर त्यात फेरस लोखंड भरपूर आहे आणि ते हवेतील ऑक्सिजन घेते आहे, असे समजावे. पांढरे ठिपके किंवा खडे दिसले तर ते न विरघळलेल्या चुन्याचे असतात. त्यांवर सौम्य आम्लाचा एक थेंब टाकताच फेस येतो. हा थेंबसुद्धा सायनाइडचा अहवाल हाती आल्यावरच टाकावा.

नमुन्यासाठी प्रेसच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या प्लेटमधून, प्रत्येक केकच्या कडेचे आणि मध्याचे तुकडे घ्यावेत. हे काम निदान आठवडाभराच्या सर्व प्रेस-फेऱ्यांमधून करावे. सर्व तुकडे एकत्र मळून त्यांचा ढीग करावा, तो दाबून सपाट करून चार भाग पाडावेत, समोरासमोरचे दोन भाग ठेवून उरलेले टाकावेत आणि अर्धा किलो नमुना उरेपर्यंत हेच करत राहावे. नमुना १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवून ओलावा काढावा. प्रेसच्या केकमध्ये ६० ते ७५ टक्के पाणी असणे नेहमीचे आहे. नंतर तांबे, निकेल, क्रोम, जस्त, लोखंड, कॅल्शियम, कॅडमियम, शिसे, आर्सेनिक, क्लोराइड आणि फॉस्फेट यांची मागणी करावी. अहवालातील टक्केवारी ओल्या गाळावर काढलेली आहे की कोरड्या, हे लेखी विचारून घ्यावे. या एका शब्दाने हिशेब तिप्पट-चौपट चुकतो.

पायरी तिसरी : कागदावरचा हिशेब

आम्लाला हात लावण्यापूर्वी हा हिशेब मांडणे अत्यावश्यक आहे. समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. एक टन ओला केक, ओलावा ७० टक्के, म्हणजे कोरडा भाग ३०० किलो. त्यात कोरड्या वजनावर तांबे ६ टक्के म्हणजे १८ किलो, निकेल ४ टक्के म्हणजे १२ किलो, क्रोम ५ टक्के म्हणजे १५ किलो, लोखंड ८ टक्के म्हणजे २४ किलो आणि कॅल्शियम कार्बोनेट २० टक्के म्हणजे ६० किलो आहे. धातू हायड्रॉक्साइडच्या रूपात आहेत असे धरल्यास ते विरघळवण्यासाठी लागणारे शुद्ध गंधकाम्ल असे निघते : तांब्यासाठी सुमारे २८ किलो, निकेलसाठी २०, क्रोमसाठी ४२, लोखंडासाठी ६३ आणि कार्बोनेटसाठी ५९. एकूण २१२ किलो.

या आकड्यांकडे जरा थांबून पाहावे. ज्या दोन धातूंसाठी हा खटाटोप चालला आहे त्यांच्या वाट्याला २१२ पैकी अवघे ४८ किलो आम्ल येते. उरलेले लोखंड, चुना आणि क्रोम यांनी खाल्ले. शिवाय ६० किलो कार्बोनेटपासून १०३ किलो जिप्सम तयार होते, ते गाळणीवर बसते, तांबे-निकेलचे द्रावण आपल्यात धरून ठेवते आणि शेवटी घातक कचरा म्हणून पैसे देऊन पाठवावे लागते. विरघळलेले लोखंड आणि क्रोम पुन्हा बसवण्यासाठी सोडा लागतो तो निराळाच. हाच कारखाना मेटाबायसल्फाइट आणि कॉस्टिक वापरू लागला आणि आम्लधुलाईचे पाणी वेगळे ठेवू लागला, तर लोखंड आणि कार्बोनेट यांचे जवळजवळ १२२ किलो आम्ल बहुतांशी वाचते. पहिल्या पायरीवर इतका भर का दिला, याचे उत्तर या बेरजेत आहे.

पायरी चौथी : बीकरमधील चाचणी

वायू बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटात (फ्यूम हूडमध्ये), चष्मा, ॲप्रन आणि आम्लाला टिकणारे हातमोजे घालूनच ही चाचणी करावी. १०० ग्रॅम ओला केक ४०० मिलिलिटर पाण्यात घालून ढवळणीने एकजीव करावा. गुठळ्या राहिल्या तर आम्ल आत पोहोचत नाही, म्हणून या कामाला दहा-पंधरा मिनिटे द्यावीत. केकमध्ये क्लोराइड जास्त असेल तर आधी साध्या पाण्याने धुऊन गाळून घ्यावे. आम्लधुलाईच्या हायड्रोक्लोरिक आम्लातून आलेले हे क्लोराइड पुढे विद्युत-विश्लेषणाच्या (वीज सोडून द्रावणातील धातू पत्र्यावर चढवण्याच्या) वेळी ॲनोडवर, म्हणजे धन टोकावर, क्लोरीन सोडते आणि स्टेनलेस स्टीलला टाचणीने टोचावीत तशी भोके पाडते.

नंतर १० टक्के गंधकाम्ल थोडे थोडे घालत जावे. हे आम्ल तयार करताना नेहमी पाण्यात आम्ल ओतावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये. पीएच खाली येऊ लागला की कार्बोनेटचा फेस जोरात येतो. बीकर अर्ध्याहून अधिक भरलेला असेल तर तो हमखास उतू जातो. फेस ओसरल्यावर पीएच १.५ ते २ च्या दरम्यान आणून तेथे एक तास टिकवावा. पीएच पुन्हा पुन्हा वर चढेल आणि दर वेळी थोडे आम्ल द्यावे लागेल. प्रत्येक वेळी घातलेले आम्ल आणि घड्याळातील वेळ वहीत लिहावी, कारण पुढे संयंत्रातील पंपाची क्षमता याच नोंदीवरून ठरते. ताजा गाळ साध्या तापमानाला विरघळतो. महिनोन्महिने शेडमध्ये पडून कडक झालेल्या गाळाला ५० ते ६० अंशांपर्यंत ऊब द्यावी लागते आणि तरीही जुना क्रोम पूर्ण सुटत नाही. तांबे-निकेल हवे असणाऱ्याला हे क्रोम गाळातच राहिले तर बरेच, म्हणून पीएच १ च्या खाली जाऊन शेवटचा कण ओढून काढण्याचा हट्ट करू नये.

गाळून झाल्यावर उरलेला चोथा थोड्या थोड्या आम्लयुक्त पाण्याने तीनदा धुवावा आणि धुण्याचे पाणी मूळ द्रावणात मिळवावे. द्रावण आणि चोथा दोन्ही तपासून धातूंचा ताळा जुळवावा. द्रावणातील आणि चोथ्यातील तांब्याची बेरीज मूळ नमुन्यातील तांब्याच्या पाच टक्क्यांच्या आत जुळली नाही, तर चाचणी पुन्हा करावी.

पायरी पाचवी : धातू वेगळे करणे

तांबे आधी काढावे. सर्वांत सोपी रीत म्हणजे द्रावणात लोखंडाचा स्वच्छ, तेलविरहित कीस किंवा पत्र्याचे तुकडे टाकणे. लोखंड विरघळते आणि त्याच्या जागी तांबे लालसर भुकटीच्या रूपाने बसते. एक किलो तांब्यासाठी सिद्धांताप्रमाणे ०.८८ किलो लोखंड पुरते, पण फेरिक लोखंड आणि मोकळे आम्लही हा कीस खातात, त्यामुळे प्रत्यक्षात दीड ते दोन पट लागतो. या वेळी हायड्रोजन सुटतो, म्हणून टाकी झाकून ठेवू नये आणि जवळ ठिणगी येऊ देऊ नये. नमुन्यात आर्सेनिक आढळले असेल तर ही रीत वापरूच नये, कारण त्यातून अत्यंत विषारी आर्सिन वायू तयार होऊ शकतो.

कीस टाकण्याच्या रीतीचा दोष असा की तांबे निघते पण तितकेच लोखंड द्रावणात शिरते आणि पुढे निकेल शुद्ध करताना ते काढत बसावे लागते. ज्यांना फक्त तांबे हवे आहे त्यांना ती चालते. निकेलही हवे असेल तर विद्युत-विश्लेषण बरे. त्यात स्टेनलेस स्टीलच्या कॅथोडवर (ऋण टोकावर) तांबे पत्र्याच्या रूपात चढते, शिशाच्या मिश्रधातूचा ॲनोड असतो, सेलवर साधारण २ व्होल्ट पडतात आणि ९० टक्के कार्यक्षमता मिळाली तर किलोमागे सुमारे १.९ युनिट वीज लागते. द्रावणात तांबे ३० ते ४५ ग्रॅम प्रति लिटर असेल तर पत्रा घट्ट आणि गुळगुळीत येतो. ते काही ग्रॅमपर्यंत उतरले की कॅथोडवर काळपट भुगा जमू लागतो. आपल्या उदाहरणातील गाळ पाच पट पाण्यात विरघळवला तर तांबे लिटरला चार ग्रॅमही भरत नाही. म्हणून मोठ्या संयंत्रांत मध्ये द्रावक-निष्कर्षणाची पायरी असते : रॉकेलसारख्या द्रावकात ऑक्झाइम जातीचे संयुग मिसळलेले असते, ते पातळ द्रावणातून फक्त तांबे उचलते आणि तीव्र आम्लात सोडून देते, त्यामुळे घट्ट आणि स्वच्छ द्रावण मिळते. नवोदिताने या पायरीची माहिती ठेवावी, पण स्वतःचे पहिले संयंत्र तिच्यावर उभारू नये.

तांबे गेल्यावर लोखंड. द्रावणात हायड्रोजन पेरॉक्साइड घालून सर्व लोखंड फेरिक अवस्थेत आणावे आणि सोडा ॲशच्या द्रावणाने पीएच सावकाश ३.५ ते ४ पर्यंत चढवावा. विटकरी गाळ बसतो. त्यानंतर ५ ते ६ पीएचला क्रोम बसते. या दोन्ही वेळी घाई हा मोठा शत्रू आहे. सोडा भसकन ओतला की जिथे तो पडतो तिथे पीएच क्षणभर ९-१० होतो, तिथले निकेल लगेच घट्ट होते आणि लोखंड-क्रोमच्या फुगीर गाळात अडकून बसते. ६० ते ८० अंश तापमान, जोरकस ढवळणी आणि पातळ सोडा थेंबाथेंबाने, असे केले तर गाळ दाणेदार येतो, पटकन गाळला जातो आणि निकेलचे नुकसान पुष्कळ कमी होते. शेवटी उरलेल्या हिरव्या द्रावणाचा पीएच ९ च्या थोडा वर नेला की निकेलचे कार्बोनेट किंवा हायड्रॉक्साइड मिळते. जस्त असेल तर तेही याच्याबरोबर येते आणि निकेलचा भाव पाडते. जस्ताचा प्रवाह मुळातच वेगळा नसेल तर येथे उपाय महाग पडतात. निकेल धातूच्या पत्र्याच्या मागे सुरुवातीला लागू नये. त्याच्या विद्युत-विश्लेषणाला पीएच आणि शुद्धता फार काटेकोर सांभाळावी लागते. धुतलेले निकेल कार्बोनेट परवानाधारक निकेल-क्षार उत्पादकाला देणे हाच पहिल्या काही वर्षांसाठी शहाणा मार्ग आहे.

मोरचुदाबद्दल एक ताकीद

तांब्याच्या द्रावणापासून मोरचुदाचे (कॉपर सल्फेटचे) स्फटिक पाडण्याचा मोह होतो, कारण मोरचुदात तांबे फक्त पाव हिस्सा असते आणि त्यामुळे वजन चौपट दिसते. नाशिक, सांगली, सोलापूर या द्राक्षपट्ट्यांत बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद खपतेही. परंतु प्लेटिंगच्या गाळातून निघालेल्या मोरचुदात निकेल, क्रोम, कॅडमियम आणि शिसे उतरण्याची शक्यता असते आणि ते थेट पानांवर, घडांवर आणि जमिनीत जाते. असा माल शेतीसाठी कोणत्याही सबबीवर विकू नये. प्लेटिंगच्या बाथमध्ये किंवा अन्य औद्योगिक वापरात तो जाऊ शकतो, तेही तपासणी अहवालासह आणि परवान्यात तसा उपयोग नमूद असेल तरच.

पायरी सहावी : संयंत्र, चोथा आणि नोंदी

टाक्या पॉलिप्रॉपिलीन किंवा एफआरपीच्या (काचतंतूंनी बळकट केलेल्या प्लास्टिकच्या) घ्याव्यात, साध्या पोलादाच्या नकोत. विरघळवण्याच्या टाकीवर हूड आणि अल्कली स्क्रबर (सुटणारे वायू अल्कलीच्या पाण्याने धुणारे यंत्र) असावा आणि सायनाइडचा अहवाल चांगला असला तरी हायड्रोजन सायनाइडचा इशारा देणारे यंत्र टाकीशेजारी बसवावे, कारण एखाद्या दिवशी दुसऱ्या शॉपचे पोते चुकून येऊ शकते. प्रत्येक पोत्यावर प्रवाहाचे नाव आणि प्रेसची तारीख असल्याशिवाय ते टाकीत रिकामे करू नये.

चोथा, लोखंडाचा गाळ आणि क्रोमचा गाळ हे तिन्ही घातक कचराच राहतात. धातू काढला म्हणून चोथा निर्धोक झाला असे समजून तो भरावात टाकणे गुन्हा आहे. निक्षालन चाचणीत (कचऱ्यातून किती धातू द्रवात झिरपतो ते मोजणाऱ्या चाचणीत) २०१६ च्या नियमांनुसार तांब्याची मर्यादा २५, निकेलची २० आणि हेक्झाव्हॅलंट क्रोमची ५ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. नीट न धुतलेला चोथा ती सहज ओलांडतो, तेव्हा धुलाईत कसर करू नये.

शेवटच्या पाण्यात सोडियम सल्फेट भरपूर असते. पीएच ६ ते ९ मध्ये आणून, निकेल ३, तांबे ३, एकूण क्रोम २ आणि हेक्झाव्हॅलंट क्रोम ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटर या प्लेटिंग उद्योगाच्या मर्यादांत ते बसवावे लागते. ज्यांच्या संमतिपत्रात शून्य विसर्गाची अट आहे त्यांना हे खारे पाणी बाष्पीभवनाला न्यावे लागेल, आणि तो खर्च तिसऱ्या पायरीच्या हिशेबात सुरुवातीपासूनच धरलेला असावा. महिन्याला एक-दोन टन गाळ निघणाऱ्या एकट्या शॉपला हे सगळे पेलत नाही. अशा शॉपने पहिल्या दोन पायऱ्या चोख कराव्यात, प्रवाहवार वेगळा आणि कमी चुन्याचा गाळ अधिकृत पुनर्प्राप्ती कारखान्याकडे मॅनिफेस्टसह पाठवावा आणि त्याचा दर धातूच्या टक्केवारीवर ठरवून घ्यावा. आत आलेला गाळ, बाहेर गेलेला धातू, चोथा आणि पाणी यांचा ताळा दरमहा मांडून ठेवला, तर ३० जूनपूर्वी मंडळाकडे भरायचे नमुना ४ चे वार्षिक विवरण त्याच वहीतून उतरवता येते.